ताबा कुणाकडे, ते कोर्ट ठरवते, मित्राचे काय?

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांच्या टेबलावर एकाच प्रकारचे अर्ज येऊ लागतात. आई म्हणते, मी आता माहेरी नाशिकला राहते, मुलाचे नाव तिथल्या शाळेत घालायचे आहे. वडील म्हणतात, मुलगा आठवीपर्यंत कुर्ल्यात शिकला, तो इथेच राहील. दोन्ही बाजूंनी कागद जोडले जातात. पगाराची पावती, भाडेकरार, आजीची प्रकृती, घरापासून शाळेचे अंतर. गेली अनेक वर्षे मी असे अर्ज लिहिते आहे आणि समोरच्या वकिलांनी लिहिलेले वाचते आहे. या अर्जांत मुलाच्या मित्राचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात जो माणूस आईबापांच्या खालोखाल येतो, कधी कधी त्यांच्याही आधी येतो, त्याला कोर्टाच्या फायलीत जागाच नाही.

हा मित्र किंवा मैत्रीण म्हणजे नेमके कोण? वर्गातल्या साठ मुलांपैकी एखादा, फार तर दोघे. ज्याच्या घरात न विचारता शिरता येते, ज्याच्या आईने भाजी कशी केली असेल ते वासावरून ओळखता येते, ज्याला आपला गणिताचा पेपर किती वाईट गेला हे घरी कळण्याआधी कळते. आईवडील वेगळे झाले की मुलाला या माणसाची सर्वांत जास्त गरज लागते. आणि नेमका त्याच वेळी आपण मोठी माणसे शाळा बदलून, वस्ती बदलून किंवा नुसत्या कुजबुजीने हा माणूस त्याच्यापासून तोडतो. याविषयी बोलले पाहिजे.

कुणी म्हणेल, हा घरगुती प्रश्न, चळवळीच्या दैनिकात कशाला? वाचकहो, नवराबायकोला कायद्याने वेगळे होता यावे हा प्रश्न घरगुती आहे असेच हिंदू कोड बिलाचे विरोधक सांगत होते. बाबासाहेबांनी तो संसदेत नेला, बिल रखडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये कायदे म्हणून आले. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद त्यात १९७६ साली आली. म्हणजे वेगळे होणे हा हक्क आहे, लांच्छन नाही, हे आपण इतरांना सांगणारे लोक. मग आपल्याच गल्लीत एखाद्या बाईने नवऱ्यापासून फारकत घेतली की तिच्या मुलीबरोबर खेळू नकोस असे आपल्या मुलीला सांगणारी घरे आपल्यात का सापडतात?

दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडे वेगळे होणे बहुतेक वेळा कोर्टापर्यंत पोचतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांपेक्षा घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळपास तिप्पट निघाली. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. चार ज्येष्ठ मंडळी बसतात, स्टॅम्पपेपरवर काडीमोडीचे चार शब्द लिहिले जातात, नोटरीचा शिक्का बसतो आणि प्रकरण मिटले असे सर्व समजतात. जमातीत तशी रूढी आहे हे सिद्ध झाल्याखेरीज असा कागद कोर्टात टिकत नाही, हा एक भाग. मुलांच्या दृष्टीने त्याहून वाईट हे की त्या कागदात मूल वडिलांना कधी भेटेल, फी कोण भरेल, आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेईल यातले काहीच नसते. मग हे सगळे मुलानेच ठरवायचे. "पप्पांना सांग, क्लासची फी राहिली आहे." "मम्मीला सांग, मागच्या महिन्यात दिली होती." तेरा वर्षांचे पोर दोन घरांमधला निरोप्या होते. जाता जाता सांगते, मुलाची पोटगी आईवडिलांच्या घटस्फोटावर अवलंबून नसते. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. काडीमोड झालेली असो वा नसो, अज्ञान मुलासाठी अर्ज करता येतो.

या काळात मुलाला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस एकच प्रश्न विचारतो, कधी उघड, कधी आडून. तू कुणाकडून? आजी विचारते, "तुझा बाप तिकडे काय खायला घालतो?" आत्या विचारते, "मम्मी कुणाशी फोनवर बोलते?" शेजारीण विचारते, शाळेतले सर विचारतात, वकील विचारतो, शेवटी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून प्रेमाने विचारतात. न्यायाधीशांचे विचारणे कायद्याला धरून आहे आणि चांगले आहे, त्याकडे पुढे येते. पण मुलाच्या बाजूने पाहा. त्याने कुठलेही उत्तर दिले तरी कुणीतरी दुखावणार. माझ्याकडे आलेल्या एका नववीतल्या मुलीने तीन महिने घरात कुणाशीच बोलणे टाकले होते. आईला वाटले मुलगी हट्टी झाली. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारले तेव्हा ती म्हणाली, "बोलले की ते दुसरीकडे पोचते."

या मुलीला कुणी सावरले असेल तर तिच्या मैत्रिणीने, आणि त्या मैत्रिणीने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. तिने फार काही केले नाही. ती रोज सकाळी नेहमीप्रमाणे हाक मारायला येत राहिली. डब्यात दोन पोळ्या जास्त आणत राहिली, कारण हिच्या घरी सकाळचे डब्याचे गणित बिघडले होते हे तिला सांगावे लागले नाही. तारखेच्या दिवशी शाळा बुडाली की संध्याकाळी वही आणून द्यायची. आईवडिलांचे काय झाले हे तिने एकदाही विचारले नाही. एके दिवशी हिने आपणहून सांगितले, तेव्हा तिने ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "चल, चिंच खाऊ." मोठ्या माणसांना ही चिंच हास्यास्पद वाटेल. पण ज्या मुलीच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट त्या एका भांडणाने गिळली होती, तिला अर्धा तास ते भांडण नसलेली जागा मिळाली.

याबाबत संशोधनही काही सांगते. १९९१ मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ या अमेरिकन अभ्यासकांनी तोवर झालेले ९२ अभ्यास एकत्र तपासले. घटस्फोटित आईवडिलांची मुले सरासरीने मागे पडतात हे खरे, पण फरक समजतो तेवढा मोठा नाही, आणि मुलाला इजा करणारी मोठी गोष्ट म्हणजे आईवडिलांमधले चालू राहणारे भांडण, असे त्यातून निघाले. ते अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य समाजातले आहेत, आपल्या चाळी आणि झोपडपट्ट्यांतले नाहीत, हे ध्यानात ठेवूनही भांडणाविषयीचे त्यांचे म्हणणे आपल्या अनुभवाशी जुळते. दुसरे काम अमांडा रोझ यांचे. किशोरवयातील मैत्रीत एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसण्याची सवय लागते, त्याचा त्यांनी अभ्यास केला. २००२ मध्ये त्यांनी दाखवले की अशा उगाळण्याने मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासीही वाढलेली दिसते. २००७ च्या पुढच्या अभ्यासात उदासी आणि चिंता वाढण्याचा परिणाम मुलींमध्ये दिसला. म्हणजे रोज रात्री दोन तास मोबाइलवर "मग तुझे पप्पा काय म्हणाले?" हेच चालणार असेल, तर मैत्रीण जवळची राहील, पण त्या मुलीचे मन सावरणार नाही. ऐकावे, आणि मग चिंच खायला घेऊन जावे. त्या नववीतल्या पोरीला हे कुणी शिकवले नव्हते.

मुलग्यांचे चित्र वेगळे आहे. ते बोलत नाहीत. बाप घर सोडून गेला हे मित्राला सहा महिन्यांनी कळते, तेही तिसऱ्याकडून. मुलगा बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असा घरच्यांचा समज होतो. त्याचा मित्र त्याच्या शेजारी बसून क्रिकेटची मॅच पाहतो, नाक्यापर्यंत सोडायला येतो, मैदानावर त्याचा नंबर राखून ठेवतो. हा आधार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो तोडताना कुणाला काही वाटत नाही. आणि तो तुटला की रिकामी जागा भरायला टपरीवरची मंडळी तयारच असतात. राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थपुत्राला भगवान बुद्धांनी मित्र आणि मित्राचे सोंग घेणारा यांतला फरक समजावून सांगितला, तेव्हा दारूत साथ देणारा, अवेळी रस्त्यावर भटकताना साथ देणारा, जुगारात साथ देणारा असा सोंगाड्याच सांगितला आहे. खरा मित्र सांगताना मात्र गुपित राखणारा आणि संकटात सोडून न जाणारा हे गुण सांगितले. सिंगालोवाद सुत्त आपण विहारात ऐकतो ते बहुधा पतिपत्नी, मायबाप, मालक-नोकर यांच्या कर्तव्यांसाठी. त्यातला मित्राचा भाग आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे मांडावा असा आहे, आणि तो मांडताना समोर बसलेल्यांत कुणाचे घर नुकतेच फुटले आहे याचे भान प्रवचन करणाऱ्याला असावे.

गुपित राखण्याची मात्र एक हद्द आहे आणि ती मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. मित्राला घरी मारहाण होते आहे, आईबरोबर किंवा बापाबरोबर आता राहणारा माणूस अंगचटीला येतो आहे, मित्र जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो आहे किंवा घर सोडून पळण्याच्या बेतात आहे, तर ते पोटात ठेवायचे नाही. त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. "मी कुणाला सांगणार नाही" असे वचन दिलेले असले तरी सांगायचे. पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवणे हाच अन्याय आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ आहे. शासनानेही २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला तेव्हा किशोरांशी किशोरांनीच बोलावे म्हणून 'साथिया' ही कल्पना ठेवली. कागदावर चांगली आहे. आपल्या विहारांतल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांनी हे दोन क्रमांक भिंतीवर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता आपल्याकडे बोट. वस्तीतल्या नवराबायकोच्या भांडणाची बैठक आपण विहारात घेतो. हेतू चांगला असतो, गरिबाचा कोर्टाचा खर्च वाचतो, मी स्वतः अशा बैठकांना बसले आहे. पण बैठकीत बायकोवर काय आरोप झाले, नवरा काय पिऊन आला, हे रात्री घरोघरी पोचते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पोचते. ज्या मुलाची गोष्ट आहे त्याच्या मित्रानेही ती आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेली असते. मित्राने मित्राला आपणहून सांगायची गोष्ट त्याच्या हातातून काढून घेतली जाते. बैठक घ्यायचीच असेल तर दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे आणि मध्यस्थ, एवढ्यावर थांबावे. मुलांचा विषय निघाला की बाकीच्यांनी बाहेर जावे. कार्यकर्त्यांना हे मानवणार नाही. गर्दी नसली तर बैठक कसली, असे वाटणारे आपल्यात कमी नाहीत.

त्याचप्रमाणे मित्राला हेर करू नये. "तो तिकडे गेला की त्याच्या बापाची कोण बाई येते विचारून ठेव", असे मुलाच्या मित्राला सांगणाऱ्या आईला मी एकदा ऑफिसमध्येच थांबवले. तिची वेदना मला कळत होती. पण त्या पोराने एकदा जरी विचारले असते, तर तिच्या मुलाला उरलेला एकमेव माणूस गेला असता, आणि कोर्टात त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नसता.

मित्राचे काम कधी कधी अगदी व्यवहारातलेही असते. आपल्या मुलांना अकरावी-बारावीला जातवैधतेचे प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा वडिलांच्या घराण्याकडून मागितला जातो. नवराबायको वेगळे झाले की हे कागद ओलीस पडतात. बापाने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला दाबून ठेवला म्हणून अभियांत्रिकीचा प्रवेश धोक्यात आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. आई मजुरी करणारी, तिला रजा नाही. शेवटी तो आणि त्याचा मित्र दोघेच एसटीने मराठवाड्यातल्या त्याच्या गावी गेले. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढले, आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा दिला. रात्री चुलत्याच्या घरी जेवले, चुलत्याने स्वतःच्या वैधतेची प्रतही दिली. मी नंतर मित्राला विचारले, तू कशाला गेलास? म्हणाला, "मॅडम, तो एकटा गेला असता तर चुलत्याच्या दारातूनच परत आला असता." १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत वडिलांच्या आधी आईचे नाव येणार, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. निर्णय योग्य आहे. पण आज दहावी-बारावीत असलेली मुले त्या तारखेच्या आधीची आहेत, आणि आईचे नाव आले तरी पुरावा वडिलांच्याच घराण्याचा मागितला जातो. हा प्रश्न चळवळीने वेगळा हाती घेतला पाहिजे.

राहता राहिला कायदा. अज्ञान मुलाच्या पालकत्वात मुलाचे हित सर्वोच्च, हे १९५६ च्या कायद्याचे कलम १३ सांगते. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचे कलम १७(३) सांगते की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर कोर्टाने ती विचारात घ्यावी. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ शक्य तिथे मुलाच्या इच्छेनुसार आदेश देण्यास सांगते. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, तिचा कायदा झाला नाही. पण 'हित' या शब्दात मित्र बसत नाही असे कुठलाही कायदा म्हणत नाही. आम्ही वकीलच तो बसवत नाही. अर्जात एक परिच्छेद लिहायला काय हरकत आहे, की मुलगा अमुक वर्षे या शाळेत आहे, त्याचे जवळचे मित्र इथे आहेत, दहावीच्या उंबरठ्यावर त्यांच्यापासून तोडणे त्याच्या हिताचे नाही? न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी बोलतात तेव्हा "आईकडे की वडिलांकडे" याच्या आधी "तुझा मित्र कोण, तो कुठे राहतो" हा प्रश्न आला तर मूल पहिल्यांदा मान वर करून बोलते, असे समुपदेशकांकडून मी ऐकले आहे. शाळा बदलावीच लागली, आणि आईला काम मिळेल तिथे जावे लागते हे खरे आहे, तर भेटीच्या वेळापत्रकात मित्राची वस्ती धरावी. मूल दुसऱ्या-चौथ्या शनिवारी वडिलांकडे येते, तेव्हा पूर्ण दिवस वडिलांनी स्वतःच्या मालकीचा समजू नये. संध्याकाळचे दोन तास जुन्या मैदानावर गेले तर वडिलांचे काही हिरावले जात नाही.

गेल्या वर्षी एका प्रकरणात संमतीच्या अटी लिहिताना मुलाने, वय पंधरा, स्वतःची एक अट सांगितली. आईबरोबर पुण्याला जायला तो तयार होता. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत वडिलांकडे मुंबईला राहायलाही तयार होता. त्याचे म्हणणे एवढेच की त्या दिवसांत शेजारच्या चाळीतल्या मित्राला वडिलांच्या घरी मुक्कामाला येता यावे, आणि मे महिन्यात तो मित्र आठ दिवस पुण्यालाही यावा. दोन्ही वकिलांनी आधी हे गमतीवारी नेले. मग सातवी अट म्हणून लिहिले. न्यायाधीशांनी ती वाचली, मुलाच्या आईला आणि वडिलांना वेगवेगळे विचारले, मित्राच्या घरच्यांची संमती आहे ना याची खात्री करून घेतली आणि अट तशीच ठेवून सही केली.